बाक्कीवर सही करण्याआधी

होल, ८ नोव्हेंबर

ह्यालती, सुखात अस, आशीर्वादात अस.

तुझं कार्ड मिळून तीन आठवडे होत आले आणि उत्तर आज लिहिते आहे, म्हणजे ओद्दनी अजून तशीच आळशी आहे असं तू म्हणशील. फोन का केला नाही, असंही म्हणशील. फोनवर आपण दोघंही हवामानाच्या पुढे जात नाही, म्हणून नाही केला. मी बरी आहे. उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो आणि चढावर गप्प बसतो. मेंढ्या सगळ्या आत घेतल्या, एकशे बारा. चार दिवस झाले, वारा उत्तरेचा आहे.

तुझ्या कार्डावर मोजून चार ओळी. बाक्की, तुझं घर आणि जमीन, विकतो आहेस आणि बारा डिसेंबरला सही करणार आहेस. घेणारं जोडपं शहरातलं आहे, उन्हाळ्यापुरतं येणार, मेंढ्या ठेवणार नाही. पुढे लिहिलंस, 'तेच बरं आहे, त्या खोऱ्यात मेंढ्या ठेवायचा हक्क माझा मीच घालवला.' आणि खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून की काय, लिहिलंस की पाच ख्रिसमस दुकानातली कोकराची धुरावलेली मांडी खाऊन घरच्या धुराची चव जीभ विसरली आहे.

वरच्या ओळींना काय उत्तर द्यावं ते सुचेना. कोपऱ्यातल्या ओळीला सुचलं. यंदाच्या कोकरांतलं सगळ्यात भरलेलं जे होतं, त्याची मागची अख्खी मांडी मी ठेवून घेतली. पाच दिवस मिठात ठेवली, चमचाभर साखर घालून, आई घालायची तशी. काल धुऊन वाऱ्यावर टांगली आणि आज सकाळी धुराच्या खोपीत नेली. बाबांच्या तुळईवर अजून दोन लोखंडी आकडे आहेत, डावा तुझा, उजवा माझा. मांडी डाव्या आकड्याला लावली आहे.

खोप पाच वर्षं उघडली नव्हती. दाराची कडी गंजून बसली होती, दगडाने ठोकावी लागली. आत अजून तोच वास होता, मी थोडा वेळ बाहेरच उभी राहिले. मग वसंतात गोठ्यातून कापून वाळवलेल्या लेंड्यांच्या लाद्या रचल्या, खाली बर्चच्या काटक्या, आणि पेटवलं. या लाद्या नव्या मेंढ्यांच्या, नव्या गोठ्यातल्या. जुन्या मेंढ्या सगळ्या सरकारने नेऊन पुरल्या, तू इथे होतास तेव्हा. नव्यांचा धूरही तसाच पिवळट येतो. मला वाटलं होतं वेगळा येईल.

बाबा असताना आग तू सांभाळायचास आणि मी फक्त नावं ठेवायचे, त्यामुळे आता हात दाखवून अवलक्षण झालं आहे. दिवसातून एकदा पेटवायचं की दोनदा? ओली लादी वर कधी ठेवायची? तुझ्या तरणतलावावर बसून लोकांना शिट्ट्या मारण्यातून वेळ मिळाला तर लिही. पोहणारे दोन मिनिटं तुझ्याशिवाय बुडणार नाहीत.

सकाळपासून सात वेळा खोपीकडे जाऊन आले. एकदा धूर दिसत नव्हता म्हणून गेले, पाच वेळा दिसत होता म्हणून. सातवी वेळ कशासाठी ते आठवत नाही.

एक मागते. सही करायची ती कर, पण ही मांडी पोचून तू खाल्ल्याशिवाय करू नकोस. महिन्याअखेर तयार होईल. इतकं ऐकशील ना?

तुझी बहीण,
ओद्दनी


होल, १९ नोव्हेंबर

ह्यालती, सुखात अस.

तुझं उत्तर आलं. यावेळी नऊ ओळी, म्हणजे मोठं पत्रच म्हणायचं. दिवसातून एकदाच पेटव, हाताला ऊब लागली तर आग जास्त आहे असं समज, चरबी खाली गळली तर तू मांस धुरवत नाहीस, भाजते आहेस. तुझी नववी ओळ वाचायच्या आधीच चरबी गळली होती. परवा मी दोन लाद्या जास्त ठेवल्या, का ते विचारू नकोस, स्वस्थ बसवत नव्हतं एवढंच. तासाभराने दार उघडलं तर मांडीखालचा दगड चकाकत होता. मी आग उपसून बाहेर फेकली आणि बर्फात उभी राहून स्वतःला अशा शिव्या दिल्या की कुत्रा घराच्या मागे जाऊन बसला. मांडी वाचली आहे. एका बाजूला जरा घट्ट झाली, ती बाजू मी खाईन.

सहीचं तू काही लिहिलं नाहीस. 'बघू' एवढंच. तुझं 'बघू' मला लहानपणापासून माहीत आहे. 'बघू' म्हणजे ठरलंय.

बाक्कीवर परवा जाऊन आले. घर कोरडं आहे, स्वयंपाकघराच्या एका काचेला तडा गेला आहे. तुझा गोठा जिथे जाळला तिथे आता चांगलं गवत येतं. नदीकाठचं कुंपण मात्र झुकलं आहे. तू गेल्यापासून त्याच्याकडे कोणी बघत नाही. दर वसंतात तू वरच्या डोहापासून पुलापर्यंत चालायचास, एक एक तार हाताने ताणून बघायचास, आणि शेजारचा कोलबेन म्हणायचा की ह्यालती बायकोऐवजी कुंपणाशी लग्न करून बसलाय. कोलबेन अजून तुझं नाव काढत नाही. चर्चमध्ये भेटला की माझ्या गुडघ्याची चौकशी करतो आणि जातो. त्याच्या दोनशे मेंढ्या गेल्या, तुझा मेंढा त्याने एका हिवाळ्यासाठी नेला होता म्हणून, हे त्याच्या डोक्यातून जात नाही. तुझ्याही जात नाही. पण त्या मेंढ्याची तपासणी झाली होती, परवाना होता. जनावरांच्या हेर्दीस डॉक्टरने तेव्हाही सांगितलं होतं की थरथरीचा रोग, एका मेंढीत निघाला की अख्खे कळप मारावे लागतात तो, कोणाकडून आला हे छातीठोकपणे सांगता येत नाही. तुला ते ऐकूच गेलं नाही. तू त्या मेंढ्याला खोऱ्यात आणलंस, त्याचीच शिंगं बघून छाती फुगवलीस, म्हणून दोष तुझा, असं तू स्वतःच ठरवून मोकळा झालास. आणि आम्ही कोणी तुला अडवलं नाही.

ग्रीमा आठवते तुला? काळपट तपकिरी, तोंडावर फिकट पट्टे. आईने चुलीजवळ बाटलीने वाढवलेली. त्या वर्षी सगळ्या मेंढ्या डोंगरावरून उतरल्या आणि ती उतरली नाही, तेव्हा आई दिवसभर खिडकीत बसून असायची. तिला तोवर आपली नावंही नीट आठवत नव्हती, मला ती बाबांच्या बहिणीच्या नावाने हाक मारायची. पण ग्रीमा आली का, हे रोज विचारायची. मग ग्रीमा आली. उशिरा, एकटी. मी तुला सांगितलं की आपल्याच बाजूच्या उतारावरून आली. तू तिच्या पाठीत नाक खुपसून म्हणालास, हिला धुराचा वास कसा? मी म्हटलं, थंडीने खोपीत शिरली होती. तू हसलास आणि कळपाच्या वहीत लिहिलंस, 'ग्रीमा परत आली, आई जेवली.'

ती ओळ मी परवा पुन्हा वाचली. वही माझ्याकडे आहे.

खोपीकडे जायला हवं. वारा फिरला आहे, धूर दाराच्या फटीतून उलट बाहेर येतो आहे. सांगायचं होतं ते पुढच्या वेळी सांगते. बाराला अजून वेळ आहे.

ओद्दनी


होल, ३० नोव्हेंबर

ह्यालती,

आज हवामान नाही आणि गुडघाही नाही.

ग्रीमा आपल्या बाजूने आली नव्हती. ती नदीपलीकडे गेली होती, आणि मी तिला परत आणलं.

त्या वर्षी पलीकडच्या लोकांच्या मेंढ्या गोळा होत होत्या तेव्हा आपल्या खोऱ्याचा माणूस म्हणून तिकडे जायची पाळी माझी होती. आपल्या भटकलेल्या मेंढ्या कानाच्या खुणेवरून ओळखायच्या, नावं लिहून द्यायची, एवढंच काम. कुंपण ओलांडलेली मेंढी, रोग इकडे येऊ नये म्हणून, परत येत नाही हे पोराटोरांनाही माहीत आहे. पाठीवर लाल पट्टा मारतात, वेगळ्या वाड्यात ठेवतात आणि दुपारी कत्तलीची गाडी येते. वाड्यात तीन होत्या. दोन कोलबेनच्या. तिसरीच्या उजव्या कानाचं टोक कापलेलं, डाव्याला खाच. बाबांची खूण, आपल्या दोघांची खूण. तिने मला ओळखलं आणि माझ्या खिशाशी आली, आई तिला खिशातून भाकरी द्यायची म्हणून.

मी यादीत दोनच नावं लिहिली. सगळे आत रस्सा प्यायला बसले होते आणि धुकं इतकं होतं की वाड्यावरून घर दिसत नव्हतं. मी तिला शिंगाला धरून काठाकाठाने नेलं, पाणी घोट्याएवढंच होतं तिथून पार केलं आणि तू बांधलेल्या कुंपणाची खालची तार उचलून धरली. ढकलावंसुद्धा लागलं नाही. ती वाकून गेली आणि पलीकडे उभी राहून माझी वाट बघत राहिली. मी परत जाऊन रस्सा प्यायले, सगळ्यांचा निरोप घेतला, पुलावरून गाडी आणली, आणि ती तिथेच होती.

लाल पट्टा धुऊन जाईना. वरची लोकर कातरली तरी रंग खालपर्यंत उतरलेला. म्हणून तिला खोपीत बांधलं, ओल्या लाद्यांचा धूर केला आणि दोन दिवस तिला त्यात उभी केली, दार अधूनमधून उघडून. तिसऱ्या दिवशी पट्टा बाकीच्या अंगासारखा दिसायला लागला. तुला जो वास आला तो त्याचा.

आठवड्याने तू येऊन म्हणालास की काठच्या तारेला तपकिरी लोकर अडकली आहे, इथून काहीतरी गेलंय, पण कुठल्या बाजूने ते कळत नाही. मी तुला कॉफी दिली. तू ती तार दुहेरी केलीस.

पुढच्याच वर्षी पलीकडे थरथर निघाली आणि त्यांचे कळप गेले. तेव्हा बोलले असते तर एक ग्रीमा गेली असती. फार तर माझा कळप गेला असता. पण आई होती, आणि ग्रीमा खिडकीशी आली की आई अजून जेवत होती. आई गेल्यावर बोलायला हवं होतं. तेव्हा म्हटलं, दोन वर्षं झाली, काही झालं नाही, म्हणजे होणार नाही. मग तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर तिचे ओठ थरथरायला लागले. ती गोठ्याच्या खांबाला अंग घासायची, घासून घासून कुशीला टक्कल पडलं. मी डॉक्टरला बोलावलं नाही. मी तिला स्वतः मारलं आणि मांड्या खोपीत लावल्या.

त्या ख्रिसमसला तुम्ही माझ्याकडे जेवलात, तू आणि कोलबेन. पांढऱ्या रश्श्यातले बटाटे, मटार आणि ग्रीमा. कोलबेनने दोनदा घेतलं. तू तीनदा घेतलंस आणि म्हणालास की यापुढे आग ओद्दनीनेच सांभाळायची, तिचा हात बसला आहे. तो हात मी त्यानंतर आगीला लावलाच नाही, म्हणून यंदा तुला सगळं विचारावं लागलं. हा रोग माणसाला लागत नाही. मी हेर्दीसला तीन वेगवेगळ्या वेळी, तीन वेगवेगळ्या निमित्तांनी विचारलं आहे. तुझ्या जिवाला धोका नाही, हे आधी वाच आणि मग मला काय म्हणायचं ते म्हण.

उन्हाळाभर आपल्या सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर एकत्र चरल्या होत्या, आणि फेब्रुवारीत तुझ्या पहिल्या मेंढीचा तोल गेला. तुझा मेंढा, तुझा गोठा, तुझा दोष, असं सगळं खोरं बोललं. मी तिथेच होते. तू जाळलेल्या गोठ्याच्या राखेत उभा राहून मला विचारलंस, 'मी एक एक तार ताणली होती, ओद्दनी, मग हे आत आलं कुठून?' मी म्हटलं, देव जाणे. कुंपणच शेत खातं म्हणतात, इथे कुंपण धड होतं, त्याच्या आतली बहीण शेत खाऊन बसली होती.

मी शपथेवर सांगू शकत नाही की ते ग्रीमामुळेच झालं. तुझ्या मेंढ्यामुळेही झालं असेल. या 'असेल'च्या आडोशाने मी पाच वर्षं काढली. पण मेंढ्याचे ओठ थरथरताना कोणी पाहिले नाहीत. ग्रीमाचे मी पाहिले.

हे सगळ्यात आधी तुला सांगायला हवं होतं, आणि सांगितलं नाही. तुला पत्र लिहून ते मी पेटीत टाकणार नाही, हे मला माहीत होतं. मागचं अर्धवट पत्र हा पुरावा आहेच. म्हणून आधी अशा दोघांकडे गेले, ज्यांना सांगितल्यावर माघार घेता येत नाही.

सोमवारी कोलबेनकडे गेले. तो ट्रॅक्टरखाली होता, आणि मी सगळं त्याच्या बुटांना सांगितलं. बराच वेळ पान्ह्याचा आवाज येत राहिला. मग बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "पाच वर्षं मी ह्यालतीला शिव्या देतोय. आता सगळ्या उचलून तुझ्याकडे आणायच्या म्हणजे केवढं काम." मला वाटलं हसेल. हसला नाही. आत जाऊन दार लावून घेतलं. मी फाटकापर्यंत आले तेव्हा दार पुन्हा उघडलं आणि त्याने तुझा फोन नंबर मागितला. मी दिला. करेल की नाही, मला माहीत नाही.

मंगळवारी हेर्दीस आली. गोठे जाळले तेव्हा तिने मला अर्जावरचा एक प्रश्न वाचून दाखवला होता, खोपीत कधी मेंढी बांधली होती का. मी नाही म्हटलं होतं. त्या नाहीवर बाबांची खोप पाच वर्षं उभी आहे, आणि त्या नाहीमुळेच मी पाच वर्षं तिची कडी उघडली नव्हती. तुझं कार्ड आलं आणि उघडली. मग त्या वासात रोज उभं राहून आग घालायची आणि तुला 'गुडघा बरा आहे' लिहायचं, हे मला जमेना.

हेर्दीसने सगळं लिहून घेतलं, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. नव्या मेंढ्या खोपीजवळ कधी गेल्या नाहीत, तरी त्यांची तपासणी होणार. माझ्यावर काय कारवाई होते ते वरचे लोक ठरवतील. खोप मात्र जाणार. दहा तारखेला यंत्र येईल, दगड पुरतील, तुळई जाळतील.

मांडी तयार आहे. काल हाडाजवळ अंगठा दाबून बघितला, तू शिकवलंस तसं. बाहेरून काळी, कडेचा तो घट्ट भाग सोडला तर एकसारखी. ती आता स्वयंपाकघरात आकड्याला आहे. मंगळवारी हेर्दीस तिच्याकडे बघून म्हणाली, "हे खायला काही हरकत नाही. पण त्या खोपीतलं काहीही होलच्या हद्दीबाहेर जायचं नाही, ओद्दनी. टपालाने नाही, गाडीने नाही, कोणाच्या पिशवीतून नाही."

तर मी ती पाठवू शकत नाही. ही मांडी खाल्ल्याशिवाय सही करू नकोस असं तुझ्याकडून मागून घेतलं, आणि आता खायची असेल तर तुलाच इथे यावं लागेल. ही युक्ती नाही. तुझ्याशी युक्त्या करायचं मी या पानावर सोडलं आहे, विश्वास ठेवणं तुझ्याकडे.

आलास तर दहाच्या आधी ये, म्हणजे बाबांची तुळई उभी असताना बघशील. माझ्याशी बोलायला हवं असं नाही. सुरी तुझीच घेऊन ये, कापून खा, आणि उठून जा. नाही आलास तर मी मांडी कापणार नाही, तशीच टांगलेली राहील. बाराला तुला जे करायचं ते कर. बाक्की विक, नाहीतर ठेव. पण हक्क तू घालवलास म्हणून सही करू नकोस. तो तू घालवला नव्हतास. मी घालवला, आणि पाच वर्षं त्याचा दोष तुला वाहायला लावला.

वहीत मी 'ग्रीमा परत आली' या तुझ्या ओळीखाली आज खरं काय ते लिहिलं. शाईने.

काठचं कुंपण उद्यापासून मी ताणायला घेते आहे, वरच्या डोहापासून.

तुझ्या कुंपणाची तार जिने उचलली ती, तुझी बहीण,
ओद्दनी